साध्या दिवसाचे चढउतार



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून राष्ट्राचे, समाजाचे आणि इतिहासाचे मोठे प्रश्न मांडले गेले. त्या मानाने आजचा आमचा विषय किरकोळ वाटेल. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत कामकरी माणसाच्या दिवसात जे लहानसहान चढउतार होतात, त्यांच्याविषयी आम्हांला बोलायचे आहे. नळाला पाणी येते किंवा येत नाही. बस मिळते किंवा चुकते. साहेब हसून बोलतो किंवा कपाळाला आठी घालतो. यात बोलण्यासारखे ते काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, मोठे प्रसंग आयुष्यात चार-पाचच येतात; बाकीचे सारे आयुष्य या किरकोळ गोष्टींचेच बनलेले असते.

परंतु किरकोळ हा शब्द जपून वापरला पाहिजे. कोणाला किरकोळ, हे आधी विचारले पाहिजे. समजा, सकाळची बस चुकली. कचेरीतला कारकून अर्धा तास उशिरा पोचतो, थोडे बोलणे खातो आणि दुपारच्या चहाला तीच हकीकत रंगवून सांगतो. वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेला कंत्राटी कामगार उशिरा पोचला, तर दारावरूनच परत फिरण्याची धास्ती त्याला असते. आणि मजूर अड्ड्यावर उभा राहणारा गवंडी किंवा बिगारी उशिरा आला, तर मुकादम माणसे घेऊन निघून गेलेला असतो. त्याचा सबंध दिवस बुडाला. संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचे हा प्रश्न उभा राहिला. बस एकच चुकली. पण एकाला तिची गोष्ट झाली, दुसऱ्याला धास्ती आणि तिसऱ्याला उपास!

आपल्या शहराला हे पाण्याच्या बाबतीत तर सांगायलाच नको. सतराव्या शतकात मलिक अंबराने डोंगरातले पाणी नहरीने खडकीत आणले. पुढच्या शतकात तशाच आणलेल्या पाण्यावर पाणचक्कीचे जाते फिरू लागले आणि फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळू लागले. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली, ते १९७६ साली पुरे झाले. इतका मोठा जलाशय जवळ असूनही, अलीकडच्या वर्षांत अनेक वस्त्यांनी आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा येणाऱ्या नळाची वाट पाहिली आहे. पाण्याचा दिवस म्हणजे घरातल्या बाईच्या कामाचा दिवस मोडण्याचा दिवस. पाणी दुपारी येणार असेल, तर चार घरची धुणीभांडी करणारीने त्या घरांना काय सांगावे? ज्याच्या गच्चीवर मोठी टाकी आहे त्याला पाणी आल्याचे कळतसुद्धा नाही. जिच्याकडे दोन पिंपे आणि चार घागरी आहेत, तिने रोजगार सोडून नळापाशी बसायचे.

आता दुसरे उदाहरण घेऊ. हिमरू हे या शहराचे भूषण. सुती आणि रेशमी धाग्यांची ती वीण पाहून पाहुणे थक्क होतात. पण मागावर बसलेल्या विणकराचा दिवस कसा जातो? धागा तुटतो, तो शोधावा, सांधावा, मग पुढे जावे. मोबदला कापडावर ठरलेला असला, की तुटलेल्या धाग्यापायी गेलेला वेळ विणकराच्याच पदरी पडतो. कापड घेणाऱ्याला तो वेळ कधी दिसत नाही.

यावर कोणी म्हणतील, "जगात उन्हापाठोपाठ सावली आहेच, माणसाने सोसायला शिकावे." सोसणे हा गुण आहे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु सोसायचे ते सगळे एकाच्याच वाट्याला यावे, हा निसर्गाचा नियम नव्हे. ही व्यवस्था माणसाने केलेली आहे आणि माणसाला ती बदलता येते. इतिहासाची साक्ष काढू. मुंबईच्या गिरण्यांत कामगार पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबत. आठवड्याच्या सुट्टीची शाश्वती नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांना संघटित केले. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी आपण उशिरापर्यंत निजतो, तेव्हा ती सवलत आकाशातून पडली असे समजू नये.

मराठवाड्यानेही असेच एक उदाहरण पाहिले आहे. १९७२ चा दुष्काळ आठवणारी मंडळी येथे असतील. खडी फोडण्याच्या त्या कामांतूनच, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली रोजगार हमी योजना राज्यभर रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. कामाचा हक्क हे तिचे मोठे तत्त्व. पण कामाच्या जागी प्यायचे पाणी, सावली आणि मुलांसाठी पाळणाघर असावे, हेही तिच्यात आले. किरकोळ गोष्टींचा विचार केल्याखेरीज मोठे तत्त्व जमिनीवर उतरत नाही, हेच त्यावरून दिसते.

तेव्हा आमचे मागणे फार मोठे नाही. दिवसाचे चढउतार कोणाला चुकलेले नाहीत आणि चुकूही नयेत. त्यांच्यामुळेच दिवसाला चव आहे. मात्र ज्याने दिवस बुडतो, त्याला किरकोळ म्हणू नये. पाणी कधी येणार, हे नगरपालनाची जबाबदारी असणाऱ्यांनी आधी सांगावे आणि सांगितलेली वेळ पाळावी. घरकाम करणारी बाई पाण्याच्या दिवशी उशिरा आली, तर आपण तिचा पगार कापू नये. मजुराचे पैसे संध्याकाळीच हातावर ठेवावेत. "उद्या या" म्हणू नये, कारण आपल्या उद्यावर त्याची आजची भाकरी अडलेली असते. यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. येथून घरी गेल्यावर उद्या सकाळपासून हे करता येईल.