शाळेच्या इतिहासात मैदानाचेही पान हवे
(क्रीडाशिक्षकांच्या राज्य अधिवेशनातील स्वागताध्यक्षीय भाषण, कराड)



कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर वसलेल्या या कराड नगरीत मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. आपल्यातले काही जण काल रात्रभर एसटीने प्रवास करून पहाटे इथे उतरले आणि तासाभरात ध्वजवंदनाला मैदानावर हजरही झाले. क्रीडाशिक्षकांचे अधिवेशन आहे, हे तेवढ्यावरून गावाला कळले.

हे अधिवेशन कराडात भरावे, असा आग्रह आम्ही धरला. त्याचे कारण इथले टिळक हायस्कूल. लोकमान्यांच्या नावाच्या या शाळेने महाराष्ट्राला दोन माणसे दिली. एक यशवंतराव चव्हाण. शाळेत शिकत असतानाच १९३२ च्या चळवळीत त्यांना अठरा महिन्यांची सजा झाली. सुटून आल्यावर त्यांनी पुन्हा अभ्यासाला बसून मॅट्रिक पूर्ण केले आणि ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. तो इतिहास आपण सारे जाणतो, कारण तो लिहिला गेला आहे. यशवंतरावांनी स्वतःच तो ‘कृष्णाकाठ’मध्ये लिहून ठेवला.

दुसरा विद्यार्थी कराडलगतच्या गोळेश्वरचा. खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६. घरातच कुस्ती होती, वडील पैलवान. १९४० ते १९४७ या काळात खाशाबा टिळक हायस्कूलमध्ये शिकले. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी भूमिगतांना आसरा दिला. पुढे तेही राजाराम कॉलेजातच गेले. दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच शाळेतून एकाच कॉलेजात गेलेली ही दोन मुले. त्यांतल्या दुसऱ्याविषयी मी आज थोडे सविस्तर बोलणार आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले, तेव्हा त्यांचे अंग लाल मातीत घडलेले होते. ताक, तेल, हळद घालून मळलेली आमच्या हौदातली माती पायाला धरून ठेवते. मॅटवर पाय वेगळा ठेवावा लागतो, दम वेगळा लागतो. मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली. मॅटवर पंच गुण मोजत असतात. हे सगळे नवे असताना फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. त्यांची ‘ढाक’ प्रसिद्ध होती. समोरच्याचे डोके पकडीत घेऊन त्याला कळायच्या आत खाली आणायचे, हा तो डाव. आज या सभागृहात कुस्ती शिकवणारे अनेक जण बसले आहेत. ढाक मारताना कमरेची फिरकी क्षणभर उशिरा पडली तर आपणच खाली जातो, हे त्यांना सांगायला नको.

चार वर्षांनी हेलसिंकी. जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी निघाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बंधू-भगिनींनो, एका शिक्षकाने विद्यार्थ्याच्या अंगातल्या बळावर आपले घर लावले! १९५२ साली खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ उजाडावे लागले, लिअँडर पेसच्या टेनिसमधल्या पदकापर्यंत. खाशाबा परतले तेव्हा दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी काय केले? कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवून दिले. मला त्या पदकाइतकीच ही गोष्ट मोठी वाटते.

त्यांची पुढची उपेक्षाही आपल्याला ठाऊक आहे. पोलीस खात्यात नोकरी केली, १९८४ साली अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. आता १५ जानेवारी हा आपला राज्य क्रीडा दिन आहे. उशीर झाला, पण योग्य झाले.

हे सारे आपल्यासमोर मांडण्यामागे माझा एक हेतू आहे. शाळेचा शतकमहोत्सव आला की स्मरणिका निघते. तीत मुख्याध्यापकांची यादी असते, बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो असतात, देणगीदारांची नावे असतात. मैदानाला बहुतेक वेळा अर्धे पान मिळते. जिल्ह्याला खो-खोचा संघ कोणत्या साली गेला, त्यात कोण मुली होत्या, त्यांना कुणी शिकवले, हे सापडत नाही. ढाली मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटावर असतात आणि त्यांवरची अक्षरे पुसट झालेली असतात. ज्या शाळेला आपल्या मैदानाचा इतिहास माहीत नसतो, ती मैदानाचा तास गणिताला देताना कचरत नाही. मैदानाच्या कडेला नवी इमारत उभी राहतानाही तिथे कुणी हरकत घेत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली प्रत्येक शाळेला मैदान असावे, असे सांगितले. सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तिथे आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असेही सांगितले. कायद्यातले हे शब्द शाळेत उतरवायला पाठपुरावा लागेल, आणि तो आपल्यालाच करावा लागेल. या दोन दिवसांतल्या ठरावांत ही मागणी ठामपणे यावी, अशी माझी विनंती आहे.

ग्रामीण शाळा काय करू शकते, याची उदाहरणे आमच्याच जिल्ह्यात आहेत. माणच्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवला जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांनी आधी धावायला लावले, मग क्रीडा प्रबोधिनीची वाट दाखवली, आणि तो टोकियो ऑलिंपिकला तिरंदाज म्हणून उतरला. दुष्काळी गावे, घरी मजुरी आणि शेती. या मुलांकडे प्रथम कुणी पाहिले असेल, तर ते शाळेने.

आपल्या निवासाची सोय आम्ही वर्गखोल्यांत आणि काही घरांत केली आहे. काही कमी पडले तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा. उद्या सकाळी सहा वाजता प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीचे दर्शन घेऊन आपण गोळेश्वरला जाणार आहोत. सर्वांनी यावे.

आणि एक मागणे. अधिवेशन संपवून शाळेत परतलात की पहिल्याच आठवड्यात त्या ढाली खाली काढा, पुसा, जुने जनरल रजिस्टर उघडा आणि खेळाडूंची नावे सालवार उतरवून काढा. जुने शिक्षक हयात असतील तर त्यांच्याकडे बसून त्यांचे बोलणे टिपून घ्या. पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येकाने आपल्या शाळेची ही वही सोबत आणावी, अशी मी यजमान या नात्याने आपल्याला हात जोडून विनंती करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.