कोलोनोस्कोपीपूर्वीची तयारी : माप ज्याचे त्याचे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य शिबिरात दिलेले भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा जाणकार नाही. बी.कॉम. होऊन वडिलांच्या गादीवर बसलो आणि चाळीस वर्षे कापड विकले. तरीही, ज्या विषयावर आपण घरातही बोलावयास संकोचतो, त्या विषयावर आज बोलणार आहे. कारण त्या संकोचाची किंमत मी स्वतः मोजली आहे.

चार वर्षांपूर्वी माझे हिमोग्लोबिन उतरले आणि डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सांगितली. तपासणीपूर्वी आतडे पूर्ण स्वच्छ करावे लागते. त्यासाठी जुलाबाचे औषध दोन भागांत घ्यावयाचे होते. सूचनांचा छापील कागद हाती मिळाला. मी मनात म्हणालो, ज्याने अठ्ठाई केली आहे, त्याला यात काय अवघड?

येथेच माझी चूक झाली. उपवासाने पोट रिकामे होते, आतडे स्वच्छ होत नाही. ते स्वच्छ होते औषधाने आणि भरपूर पाण्याने. माझा चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी पहिला भाग घेतला आणि रात्रीचा दुसरा भाग तसाच ठेवून दिला. ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. सकाळी मात्र सवयीने मधुमेहाची गोळी घेतली. रुग्णालयात पोहोचेपर्यंत घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर 52 वर आली होती. शिवाय आतडे अस्वच्छ असल्याने तपासणी अर्ध्यावर सोडावी लागली. यात दोष डॉक्टरांचा नव्हता. जे सांगावयास हवे होते ते मीच लपविले होते.

बंधू-भगिनींनो, आपल्या व्यवसायात कापड ताग्यातून एकच येते, पण शिंपी प्रत्येकाचे माप वेगळे घेतो. या तयारीचेही तसेच आहे. छापील कागद सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसासाठी असतो. ज्याला अन्य आजार आहेत, त्याने आपले माप आधी डॉक्टरांना दिले पाहिजे.

मधुमेह्याने आपल्या सर्व गोळ्या व इन्सुलिन डॉक्टरांना दाखवावे. उपाशीपोटी काही गोळ्यांनी साखर घसरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तर किमान तीन दिवस आधी थांबवावयास सांगतात. कारण उपाशी शरीरात त्यांच्यामुळे, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तात घातक आम्ल साठू शकते.

मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्याने औषध कोणते, हे अवश्य विचारावे. सोडियम फॉस्फेटचे औषध थोडेच प्यावे लागते, म्हणून सोपे वाटते. परंतु त्याने मूत्रपिंडाला गंभीर इजा होऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2008 साली त्याविषयी कडक इशारा दिला. अशा रुग्णांना सामान्यतः पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे औषध देतात. ते जास्त पाण्यातून घ्यावे लागते, पण शरीरातील क्षारांचा तोल फारसा बिघडवीत नाही. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम पुष्कळ असते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाने तेही विचारूनच घ्यावे.

ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, त्यांनी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि न विचारता चालूही ठेवू नये. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवितात, कारण त्यांनी मळ काळा व चिकट होतो. जुनाट बद्धकोष्ठ असणाऱ्याला तयारी अधिक दिवस करावी लागते. फिट्सचे औषध चालू असेल तर त्याची वेळ विचारावी; जुलाबाच्या औषधाबरोबर घेतलेली गोळी शरीरात न शोषताच वाहून जाऊ शकते.

आहारात सांगितलेले दिवस बाजरीची भाकरी, कडधान्ये, तीळ, खसखस आणि बियांची फळे टाळून मऊ भातासारखे हलके अन्न घ्यावे. आदल्या दिवशी आरपार दिसेल असेच पेय चालते, म्हणजे साखरपाणी, गाळलेला सफरचंदाचा रस. दूध चालत नाही. कोकम व डाळिंबाचा रसही नको, कारण लाल रंग आतड्यात रक्तासारखा भासतो.

आता आपल्या व्रताचा प्रश्न. दुसऱ्या वेळी मी डॉक्टरांना चौविहाराविषयी मोकळेपणाने सांगितले. तपासणी दुपारनंतर असेल, तर सर्व औषध त्याच दिवशी सकाळी घेता येते, असे ते म्हणाले. मधुमेह्याला सहसा सकाळची वेळ देतात. परंतु गोळ्या बदलून आणि साखर वारंवार तपासण्याच्या अटीवर त्यांनी मला दुपारी चारची वेळ दिली. आदल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत भरपूर पेये घेतली, नवकारशीनंतर औषध सुरू केले, बारापर्यंत संपविले. व्रतही राहिले, तयारीही झाली. पहिल्या वेळी न दिसलेली एक लहान गाठ या वेळी सापडली आणि त्याच बैठकीत काढली गेली. अशा काही गाठी पुढे कर्करोगाचे रूप घेतात. अर्धवट तयारीवर समाधान मानले असते, तर ती आतच राहिली असती.

प्रत्येकाला अशी वेळ मिळेलच असे नाही. कोणाला प्रकृतीमुळे रात्री औषध किंवा पाणी घ्यावेच लागेल. अशा वेळी गुरुभगवंतांना आधी विचारावे. आपल्या पच्चक्खाणातही आगार ठेवलेले आहेत आणि आलोयणेचा मार्गही आहे. परंतु डॉक्टरांपासून व्रत लपवावे आणि गुरूंपासून आजार लपवावा, यात ना धर्म साधतो, ना आरोग्य.

घरी ज्येष्ठांना ही तपासणी सांगितली असेल, तर मुला-सुनांनी एका कागदावर आजार, औषधे आणि नियम लिहून तो आठवडाभर आधी डॉक्टरांना द्यावा, एवढीच विनंती.

माझ्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!