एकट्याने बसू नका



पत्रिकेत माझा विषय ‘उद्योगातील संधी’ असा छापला आहे. पण आपल्या कॉलेजच्या वर्कशॉपची उंच पत्र्याची शेड दिसली आणि मन तिथेच अडकलं. आमच्या वेळी लेथ मोजके, म्हणून एका लेथवर चौघांची बॅच. वर्कशॉपचे आमचे सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्ही उत्तर कधीच सांगितलं नाहीत. जॉब एका टोकाला निमुळता यायचा. तुम्ही विचारायचात, “टेपर का आला?” आणि पुढच्या मशीनकडे निघून जायचात. आम्ही चौघं भांडायचो, परत मोजायचो, मायक्रोमीटर एकमेकांच्या हातातून ओढून घ्यायचो. शेवटी टेलस्टॉक सरकलेला सापडायचा. माझं खरं शिक्षण त्या भांडणात झालं.

पुढे मी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत लागलो. पावसाळा सुरू झाला की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आतल्या पोकळ्या, वाढायचे आणि खापर फुटायचं मोल्डरवर. एका वर्षी आम्ही मोल्डर, भट्टीवाले, तपासणीवाले आणि वाळूचे गाभे म्हणजे कोअर बनवणाऱ्या कोअरशॉपमधल्या बायका असे सगळे दर आठवड्याला तासभर एकत्र बसायला लागलो. कोअरशॉपच्या एक मावशी पहिल्यांदा काहीच बोलेनात. मग एकदा म्हणाल्या, “रात्रभर ठेवलेला कोअर सकाळी हाताला गार लागतोय, साहेब.” उत्तर तिथे होतं. कोअरने हवेतला ओलावा ओढलेला असायचा, आणि वितळलेलं लोखंड त्यावर पडलं की वाफ धातूत अडकायची. कोअर त्याच दिवशीचे वापरायचे, शिळे असतील तर पुन्हा तापवायचे, एवढं केलं आणि रिजेक्शन खाली आलं. मावशींना ते आधीपासून ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

या बैठकांना क्वालिटी सर्कल म्हणतात. जपानमध्ये काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने 1962 मध्ये ती सुरू झाली. आपल्याकडे 1980 मध्ये हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरमच्या भेल कारखान्यात. असंच एकत्र बसणं इंग्लंडचे रेग रेव्हन्स केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत शिकले. तिथे नामांकित शास्त्रज्ञ एकत्र बसून आपल्याला काय कळत नाही तेच एकमेकांपुढे मांडायचे. हीच रीत रेव्हन्स यांनी पुढे कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांपर्यंत नेली. बाकी तपशील तुमच्या पुस्तकांत सापडेल, त्यात वेळ घालवत नाही.

मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हापुन्हा सांगणार आहे. एकट्याने बसू नका. कळलं नाही तर चौघांत मोठ्याने म्हणा, “मला हे कळलं नाही.” त्या चौघांत तुमच्यासारखेच चौघं नकोत. मेकॅनिकलवाल्यांनो, इलेक्ट्रिकलचा एक घ्या. फर्स्ट क्लासवाल्यांनो, एटीकेटी लागलेला एक घ्या. त्याने मशीनवर हात जास्त काळे केलेले असतात. आणि प्रश्न खरा घ्या. ज्याचं उत्तर गाइडमध्ये छापलेलं आहे तो प्रश्न चौघांना एकत्र आणू शकत नाही. एक जण लिहितो आणि तिघं उतरवून घेतात.

पालकहो, मुलगा मित्रांबरोबर फार बसतो म्हणून रागावण्याआधी ते कशावर बोलतात ते जरा ऐका. कॅन्टीनचे मामा मागे उभे आहेत, ते सांगतील, आमची किती जर्नलं त्यांच्या बाकांवर तपासली गेली. मामा, पुढे या, इथे खुर्ची आहे.

प्राचार्य महोदय, तुमच्याकडे एक मागणं आहे. अंतिम वर्षाचा निदान एक प्रकल्प दरवर्षी आपल्या एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याच्या खऱ्या अडचणीवर द्या, आणि त्या गटात तिथला एक कामगार बसवा. कारखाने मी मिळवून देतो, पहिल्या वर्षी गटाबरोबर मी स्वतः बसतो. जूनमध्ये सुरू करू या.