वेगळी थाळी

(माकुणसार येथे वस्तीतल्या तरुणांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसंच ठेवलं आहे. कागदावर उतरवताना साली आणि आकडे तेवढे तपासून घेतले.)



मी भाषणवाला माणूस नाही. शिक्षण मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत टोळीत काम करतो, आठवडाभर रे रोडला राहतो, सुट्टीला गाडी पकडून गावी येतो. पोरांनी मला कविता म्हणायला बोलावलं होतं. आज कविता नाही. आज घरातली गोष्ट सांगायचीय. ती ज्याची आहे त्याला आधी विचारलंय. माझा थोरला भाऊ, दादा. तो मागे शेवटच्या रांगेत बसलाय. त्याला विचारलं, 'दादा, दोरीचं सांगू का?' तो म्हणाला, 'दोरीचं सांगशील तर थाळीचंपण सांग.' दोन्ही सांगतो.

'ह्याला ठाण्याला पाठवा.' हे वाक्य आपल्यापैकी कोण बोललं नाही? शाळेत बोललो, नाक्यावर बोललो, लोकलमध्ये बोललो आणि खदखदून हसलो. ठाणं म्हणजे आपल्याकडे गाव राहिलं नाही, शिवी झाली. ते ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. नागपूरचं, रत्नागिरीचं त्याच्याही आधीची, आणि येरवड्याचं. सगळी इंग्रजाच्या काळातली. १९१२ साली इंग्रजाने वेड्यांचा कायदा केला. रस्त्यावर भटकणारा वेडा दिसला की पोलिसाने उचलायचा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, आत टाकायचा. १८७१ ला ह्याच सरकारने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्यांचं डोकं सरळ होतं : जो आपल्याला नको, त्याच्याभोवती भिंत बांधा. इंग्रज गेला, भिंत राहिली. तो १९१२ चा कायदा १९८७ च्या नव्या कायद्याने रद्द झाला आणि नवा लागू व्हायला १९९३ साल उजाडलं. बाबासाहेबांची घटना येऊन चार दशकं उलटली होती.

पण आज सरकारला शिव्या देऊन मी खाली बसणार नाही. ते सोपं आहे. आज आपल्या घरात शिरायचंय.

दादा बोईसरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे होता. बारा तासांची पाळी. बदली आला नाही तर त्यावर डबल. महिना महिना रातपाळी. मग एक दिवस ठेकेदाराने पंचवीस पोरं एकदम बसवली, त्यात हा. घरी आला तो झोपेनाच. पहिल्यांदा वाटलं, रातपाळीची सवय. मग म्हणायला लागला, भिंतीतून ठेकेदाराची माणसं बोलतात. मग जेवणात काहीतरी घातलंय म्हणून ताट सरकवायचा. रात्री उठून खाडीच्या बांधावर जायचा. चोवीस वर्षांचा गडी, ज्याने मला सायकल शिकवली, तो एकटाच हसायचा नि एकटाच रडायचा.

वस्तीत निदान झालं. 'बाहेरचं आहे.' 'कुणीतरी करणी केली.' 'अमावस्येला बांधावर गेला, लागीर झालं.' आणि आपण, १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांची नातवंडं, रात्री अंधारात, कुणी बघू नये म्हणून मागच्या वाटेने, भगताकडे गेलो. भिंतीवर बाबासाहेब आणि पिशवीत कोंबडा. भगताने मिरच्यांची धुरी दिली. दादा खोकून खोकून निळा पडला. भगत म्हणाला, बघा, आतलं बाहेर यायला बघतंय. आठ महिने हे चाललं. आयच्या कानातलं गेलं.

दादा रात्री निघून जातो म्हणून त्याला पडवीतल्या मेढीला बांधायचं ठरलं. दोर मी आणला होता गोदीतून, टाकून दिलेला, कपडे वाळत घालायला. गाठ मीच मारली. ओढली की आवळत जाते ती गाठ. गोदीत शिकलेली एवढी एक विद्या मी घरी आणली आणि सख्ख्या भावाच्या मनगटावर वापरली.

तमिळनाडूत एरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या दर्ग्याच्या आसऱ्याला लोक आपली आजारी माणसं आणून ठेवायचे, झोपड्यांत साखळीने बांधून. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. अठ्ठावीस माणसं मेली. पायात साखळी, पळणार कुठे? हे मी नंतर वाचलं. वाचून रात्रभर झोप आली नाही. आमच्या पडवीतही चूल होती.

आता थाळीचं.

आयने दादासाठी एक जर्मनची थाळी आणि एक पेला वेगळा काढला. पडवीतल्या कोनाड्यात ठेवायचा, वेगळा घासायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. डोक्याचा आजार ताटातून लागत नाही हे काय कळत नव्हतं? तरी काढला. शेजारच्या बायका पोरांना आमच्या पडवीवरून जाऊ देईनात. बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं. निरोप आला : त्या घरात वेड आहे. म्हणजे दादा एकटा नाही, आमचं अख्खं घर, आमचं रक्त, आमची पुढची पिढी, सगळंच विटाळलं.

दोस्तांनो, ही भाषा ओळखीची वाटते का? रक्तात आहे. जन्माचं आहे. मागच्या जन्मीचं पाप आहे. शिवू नका. लांबून वाढा.

माझा आजा बागायतदाराच्या वाडीत पाणी शिंपायला जायचा. त्याला चहा मिळायचा करवंटीत. पिऊन झाला की करवंटी त्याची त्यानेच धुवायची आणि कुंपणात खोचून ठेवायची, दुसऱ्या दिवशीसाठी. आजा हे सांगताना आवाज चढवायचा नाही, नुसता हात दाखवायचा, करवंटी धरल्यासारखा. त्या आजाच्या घरात, त्याच्याच नातवासाठी, आम्ही कोनाड्यात जर्मनची थाळी ठेवली. करवंटी कुंपणातून निघाली आणि आमच्या घरात येऊन बसली.

मग हे होतं कशामुळे? भूत नाही, पाप नाही, तर काय?

आमच्यात काही हुशार कार्यकर्ते आहेत. ते म्हणतात, वेडबिड काही नसतं, ही सगळी व्यवस्थेची देन आहे, व्यवस्था बदला, सगळे शहाणे होतील. दवाखान्यात काही डॉक्टर भेटतात, ते म्हणतात, मेंदूतल्या रसायनांचा बिघाड आहे, गोळी घ्या, बाकी बोलू नका. मला दोघांचंही पुरं पटत नाही. गोदीतलं सांगतो. माल उचलताना स्लिंग तुटली, तर आम्ही दोन गोष्टी बघतो. दोर झिजला होता का, आणि वजन किती घातलं होतं. दोर मजबूत असला तरी वजन बेसुमार झालं की तुटतो. झिजलेला दोर थोड्या वजनानेही तुटतो. आणि नव्याकोऱ्या दोराला आतून एखादा पीळ सुटलेला असतो, तो बाहेरून कुणालाच दिसत नाही.

मन असंच आहे. काही घराण्यांत ह्या आजारांचा कल जास्त असतो, हे खरं. पण कल म्हणजे कपाळावरचं लिखित नव्हे. आईबापाला असलं म्हणजे पोराला होणारच असं नाही, आणि घराण्यात कुणालाच नसताना होतं. मेंदूचं काम बिघडतं, हेही खरं. डोक्याला मार, दारू, गांजा, थायरॉईड, बाळंतपणानंतरची उलथापालथ, महिनोन्महिने न मिळालेली झोप, ह्याने झीज होते किंवा आतलं दुखणं वर येतं. फिट येणाऱ्यालाही आपण वेडा म्हणतो, त्याचं तर दुखणंच वेगळं. आणि मग वजन. कर्ज. बेकारी. एकटेपण. नवऱ्याची मारहाण. रोजचा अपमान. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी, पोफरण उठली. त्या माणसांच्या छातीवर काय आलं असेल? वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना झोप लागत असेल का? २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, आदिवासी घरातली डॉक्टर पोरगी. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेलं. आणि लोक म्हणाले, मनाने कच्ची होती पोरं. वजन कुणी लादलं ते विचारायचं नाही, दोरालाच शिव्या द्यायच्या.

श्रीमंतालाही हे आजार होतात. सवर्णालाही होतात. फरक एवढाच, त्याला 'डिप्रेशन' होतं आणि आपल्याला 'लागीर' होतं. बंगळूरच्या निमहान्सने २०१५-१६ ला बारा राज्यांत पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता. दर शंभर मोठ्या माणसांत दहाहून जास्त जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मनाचा आजार होता. आणि आजारागणिक, शंभरातल्या सत्तर ते ब्याण्णव जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. २०२२ साली देशात एक लाख सत्तर हजारांहून जास्त माणसांनी स्वतःचा जीव घेतला. सगळ्यांत जास्त आपल्या महाराष्ट्रात. आणि देशभरातल्या त्या माणसांत चौघांमागे एकाहून जास्त रोजंदारीवरचा. रोजंदारी, म्हणजे आपण.

आमच्या घरातली गाठ सोडवली ती आशाताईने. पडवीत आली, दादाला बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, 'झोप लागते का रे तुला?' आठ महिन्यांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तिने सरकारी दवाखान्याचा मानसोपचार विभाग सांगितला. पहाटेची गाडी, दिवसभर रांग, एक रोज बुडाला. डॉक्टरीणबाईने गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी दादा पहिल्यांदा पोटभर झोपला. खोटं सांगत नाही, जादू झाली नाही. वजन वाढलं, हात थरथरायचे, दिवसा गुंगी यायची. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या, तर आवाज परत आले. परत गेलो, गोळी बदलून मिळाली. आज तो भाजीच्या पाट्या बाजाराला नेतो, हिशेब ठेवतो. आवाज कधी कधी येतात. तो म्हणतो, 'येतात नि जातात, मी काय त्यांना जेवायला बसवत नाही.'

आणि मी? कवी. वेड, पिसाट, बेभान, हे शब्द आम्ही कवितेत फुलासारखे खोचतो. दादा मेढीला होता त्या महिन्यात मी मुंबईत एका मैफलीत वेडेपणाचे गोडवे गाणारी कविता म्हटली. टाळ्या घेतल्या. तो कागद मी फाडून टाकलाय.

आपण बुद्धाचं नाव घेतो. तर पटाचाराची गोष्ट आठवा. नवरा साप चावून मेला, एक लेकरू ससाण्याने उचललं, दुसरं नदीत गेलं, माहेरी निघाली तर वादळात घर पडून आईबाप आणि भाऊ गेलेले. तिचं भान गेलं. अंगावर वस्त्र राहिलं नाही. लोकांनी वेडी म्हणून तिच्यावर माती, कचरा फेकला. बुद्धाचा उपदेश चालू होता तिथे ती आली. लोक म्हणाले, हाकला हिला. बुद्ध म्हणाला, येऊ द्या. कुणीतरी अंगावरचं वस्त्र काढून तिच्याकडे टाकलं. तीच पुढे संघातली मोठी थेरी झाली. बुद्धाने तिला मंत्र घातला नाही, धुरी दिली नाही. आधी आत येऊ दिलं.

आता कामाचं बोलतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला आणि त्या साली २० ऑगस्टला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे सरकार हललं. भूत काढतो म्हणून कुणी बांधलं, मारलं, धुरी दिली तर सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. मनाच्या आजाराचा नवा कायदा २०१७ चा, २०१८ पासून लागू. त्यात आजारी माणसाला साखळीने बांधायला बंदी आहे. भूल दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. सरकारी उपचार हा हक्क म्हणून लिहिलाय. आणि जीव द्यायला निघालेला माणूस गुन्हेगार नाही, तो फार ताणाखाली आहे असं धरायचं, हेही लिहिलंय. कागदावर चांगलं आहे. कागद गावात आणायचं काम आपलं. दर महिन्याला गोळ्या आपल्या आरोग्य केंद्रात मिळाल्या पाहिजेत, रोज बुडवून लांबच्या रांगेत नाही. ही मागणी सगळ्यांच्या सह्यांनी द्यायची. १४४१६ हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो. तो प्रत्येकाने लिहून घ्या. आणि दारात कुणाला असं झालं तर पहिल्या आठवड्यात दवाखाना. आठ महिन्यांनी नाही.

एवढंच बोलायचं होतं. सभा संपली की चहा आहे. पातेलं मागे ठेवलंय आणि चहा दादा वाटणार आहे. वस्तीत अजून दोन-चार घरं आहेत, जी त्याच्या हातचं पाणी पीत नाहीत. ती माणसं आज इथे बसलीत, मला दिसतायत. मी नावं घेणार नाही. मीही वर्षभर त्यांच्यातलाच होतो.

कप सगळ्यांना सारखेच आहेत.

जयभीम.