रानभाजी खुडण्याआधी ओळख पटवा
(नभोवाणीवरील भाषण)



मृगाचे दोन-चार पाऊस झाले की सह्याद्रीचे डोंगर हिरवे होतात. शेवळं वर येतात, टाकळा उगवतो, फोडशीची पात दिसू लागते. मागोमाग कुर्डू आणि भारंगी असतेच. बाजारात भाजी महाग असते, आणि डोंगर मात्र पानात फुकट वाढत असतो. या दिवसांत आपल्या बायाबापड्या टोपली घेऊन रानात जातात. घरी खाऊन उरलं की जुड्या बांधून तालुक्याच्या बाजारात विकतात. चार पैसे हाती येतात. हे चांगलंच आहे. पण त्याच डोंगरावर, त्याच बांधावर विषारी वनस्पतीही उगवतात. त्या ओळखायच्या कशा, आणि त्यासाठी खिशात मावणाऱ्या ओळख-पुस्तिकेचा उपयोग कसा करायचा, याबद्दल आज चार गोष्टी सांगणार आहे.

आधी माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका पाड्यावर गेलो होतो. वनस्पतिशास्त्र शिकवणारा माणूस, त्यामुळे मनात थोडा ताठा होता. माळावरून फोडशी म्हणून पिशवीभर पात कापून आणली आणि पाड्यावरच्या एका आजींपुढे ठेवली. त्यांनी पात चाळली, आठ-दहा पानं बाजूला काढली आणि म्हणाल्या, "मास्तर, ही काय फोडशी न्हाय. पात समद्यांचीच सारखी दिसते. मुळाशी बघावं." मी परत माळावर गेलो आणि उकरून पाहिलं. खाली थेट कांद्यासारखा पापुद्र्यांचा कंद! तो रानकांदा होता. त्यात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. फोडशीला असा कांदा नसतो, तिच्या बुडाशी जाड, मांसल मुळांचा झुबका असतो. मी नुसती पात कापली होती, म्हणून फसलो.

त्या आजींना पुस्तकाची गरज नव्हती. पण त्यांची नात शहरात शिकते. तिला फोडशी ठाऊक आहे ती बाजारातल्या जुडीपुरती. आजींबरोबर ही ओळख जाऊ नये, म्हणून पुस्तिका हवी. पुस्तिका म्हणजे जाणत्या माणसाची जागा घेणारी वस्तू नव्हे. जाणत्याने सांगितलेलं पडताळून पाहण्याचं ते साधन आहे.

आपल्या भागातल्या वनस्पतींवर जुना आधार आहे तो थिओडोर कुक यांच्या ग्रंथाचा. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला. पण तो जाडजूड, इंग्रजी आणि अभ्यासकांसाठी लिहिलेला. पुढे रंगीत छायाचित्रांची पुस्तकं आली. श्रीकांत इंगळहळीकर यांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे २००१ सालचं पुस्तक पुष्कळांनी डोंगरावर नेलं आहे. अशी कोणतीही पुस्तिका घेताना एवढंच पाहा की ती आपल्या भागाची आहे, तिच्यात फुलाबरोबर पान आणि फळही दाखवलं आहे, आणि मराठी नावासोबत शास्त्रीय नावही दिलं आहे.

शास्त्रीय नाव कशाला, असं कोणी विचारील. कारण आपली नावं दर दहा कोसांवर बदलतात. रानकांदा म्हटलं की एका गावात एक झाड, दुसऱ्या गावात दुसरंच. शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं आणि सगळीकडे तेच चालतं. पुस्तिकेत त्या नावाशेजारी आपल्या गावचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवा. शाईने लिहू नका, पावसात पसरते.

आता पुस्तिका वापरायची कशी? चित्र दिसलं की "हेच ते" म्हणण्याची घाई करू नये. आधी झाड पाहावे, मग पुस्तक उघडावे. पाच गोष्टी क्रमाने पाहा.

१. झाडाची ठेवण: उभं रोप, झुडूप की वेल? वेल असेल तर ती खोडाने विळखा घालते की दुसऱ्या कशाने धरून चढते?
२. पानांची मांडणी: समोरासमोर, की एकाआड एक?
३. पान: साधं, की दलांचं? दलं असतील तर जोड्या किती? टोक गोल की अणकुचीदार?
४. फूल आणि फळ: रंग, पाकळ्या, शेंगेचा आकार.
५. जमिनीखालचा भाग: कंद, कांदा की मुळांचा झुबका? हे पाहण्यासाठी एकच रोप उकरावे, सगळा वाफा नव्हे.

पाचांपैकी एकही गोष्ट जुळली नाही, तर ती भाजी टोपलीत टाकू नये.

दोन उदाहरणं देतो. पहिलं टाकळ्याचं. टाकळ्याच्या पानाला बहुधा दलांच्या तीन जोड्या असतात आणि दलाचं टोक गोलसर असतं. शेंग बारीक, लांब आणि किंचित वाकडी. त्याच्याच शेजारी कासविंदा उगवतो, त्याला काही ठिकाणी रानटाकळाही म्हणतात. त्याला दलांच्या जोड्या चार-पाच असतात, टोक अणकुचीदार असतं, पान चुरगळलं की उग्र वास येतो, आणि शेंग चपटी असते. फुलं दोघांचीही पिवळी! पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा सरता सरता लहान मुलं मेंदूच्या एका गूढ आजाराने दगावत. पुष्कळ दिवस सगळ्यांना तो विषाणूचा ताप वाटला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उलगडा झाला, की मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खात होती. तेव्हा घराजवळचा कासविंदा शेंगा धरण्याआधीच उपटा आणि मुलांना ही शेंग दाखवून ठेवा. जनावरांनाही या बिया बाधतात, म्हणून चाऱ्यात येऊ देऊ नका.

दुसरं उदाहरण कळलावीचं. तांबडं-पिवळं, ज्वाळेसारखं फूल असलं की ती कोणीही ओळखतो. पण कंद उकरले जातात तेव्हा फूल असेलच असं नाही. तिचं पान लांबट असतं आणि त्याचं टोक तारेसारखं वळलेलं असतं, त्या टोकाने ती आधार धरते. करांद्याची वेल मात्र खोडाने विळखा घालून चढते आणि तिचं पान मोठं, हृदयाच्या आकाराचं असतं. कळलावीचा कंद नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. तिच्या सर्व भागांत विष आहे, कंदात तर फारच. हे विष लगेच दिसत नाही. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात आणि मग प्रकृती झपाट्याने ढासळते. म्हणून "खाल्लं पण काही झालं नाही" असं म्हणून स्वस्थ बसू नका. बाळंतिणीच्या कळांसाठी ती वापरण्याची जुनी समजूतही आता सोडून द्या. त्यात आई आणि मूल दोघांचाही जीव जाऊ शकतो.

आणखी काही सूचना. गुरं खातात म्हणून माणसाला चालतं, हे खरं नाही. शिजवलं की विष जातं, हेही सरसकट खरं नाही. शेवळांची खाज काकडाच्या फळांनी किंवा चिंचेने मोडते, पण कळलावीचं विष चिंचेने मोडत नाही. हल्ली मोबाईल फोटोवरून झाडाचं नाव सांगतो. तो अंदाज समजा, निकाल समजू नका.

ओळख पटली नाही तर फूल-फळासह एक फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवा आणि पावसाळ्यात कागद रोज बदला. कुठे, कधी, कोणत्या जमिनीत मिळाली ते चिठ्ठीवर लिहा. मग कृषी विज्ञान केंद्रात किंवा कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा.

आणि चुकून कोणी काही खाल्लंच, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. उरलेली भाजी, पान, कंद जे असेल ते सोबत न्यायला विसरू नका. डॉक्टरांना त्यावरूनच दिशा मिळते.

शेवटी एकच विनंती. या पावसाळ्यात पुस्तिका घेऊन घरातल्या आजी-आजोबांबरोबर एकदा रानात जा, सोबत मुलांनाही न्या. आजी झाड दाखवतील, मुलं पान शोधतील, तुम्ही नाव लिहा. पुढच्या वर्षी टोपली घेऊन निघताना मनात शंका राहणार नाही.