धरणातील शेवाळ आणि पिणाऱ्याचा हक्क



कामगार चळवळीतला माणूस पाण्यावर काय बोलणार, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. परंतु पाण्यासाठी मोर्चा काढून आम्ही एकदा जी मागणी केली, ती चुकीची होती, हे पुढे वाचनातून आम्हांस कळले. ती चूक आपणांपुढे मांडावी, एवढ्याचसाठी येथे उभे आहोत.

एका उन्हाळ्यात आमच्या कामगार वस्तीच्या नळाला हिरवट पाणी येऊ लागले. त्याला कुबट, चिखलासारखा वास. आम्ही रिकाम्या घागरींचा मोर्चा नेला आणि गर्जून सांगितले, "आजच्या आज तलावात औषध टाका!" साहेबांनी ऐकले. होडीतून मोरचूद टाकला गेला, चार-सहा दिवसांत तलाव निवळला, आणि आम्ही विजयाचे पेढे वाटले. त्या आठवड्यात कोणी आजारी पडल्याचे ऐकिवात नाही. पण तसे कोणी विचारलेही नाही. आम्हीसुद्धा नाही.

पुढे आमच्या वाचनात पाम बेटाची हकीगत आली. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, टाउन्सव्हिल शहराच्या बाजूला हे बेट आहे. तेथे सरकारने आदिवासींना आणून वसविले होते. 1957 साली तुटपुंज्या मजुरीविरुद्ध आणि जाचक कारभाराविरुद्ध तेथील लोकांनी संप केला, तेव्हा पुढाऱ्यांना कुटुंबांसह बेटावरून हद्दपार करण्यात आले. अशा ठिकाणी तक्रारीची किंमत काय असते, हे कामगारांना सांगावयास नको.

1979 साली तेथील सॉलोमन धरणाच्या पाण्याला वास व वाईट चव येऊ लागली. लोकांनी तक्रार केली. धरणात शेवाळ माजले होते. ते मारण्यासाठी मोरचूद टाकण्यात आला. आठवडाभराच्या आत मुले आजारी पडू लागली. उलट्या, सुजलेले यकृत, मग मूत्रपिंडांचा विकार, रक्ताचे जुलाब. एकूण 148 जण आजारी पडले, त्यांपैकी 138 मुले! प्रथम काहींनी कच्च्या आंब्यांवर ठपका ठेवला. परंतु ज्या घरांना धरणाचे पाणी जात नव्हते, तेथे हा आजार नव्हता. 1985 साली त्या धरणात सापडलेल्या नील-हरित शेवाळाच्या एका जातीचे विषारीपण उंदरांवर सिद्ध झाले, आणि 1992 साली त्या विषाची रचना उलगडली. मोरचुदाचीच बाधा झाली असावी, असाही पक्ष काहींनी मांडला. तथापि बहुतेक तज्ज्ञ शेवाळाकडेच बोट दाखवितात.

असे का व्हावे? ज्याला आपण नील-हरित शेवाळ म्हणतो, ते खरे पाहता एक प्रकारचे सूक्ष्म जंतू होत. त्यांच्या सर्वच जाती विषारी नसतात. पण ज्या असतात, त्यांचे बरेचसे विष पेशीच्या आत साठलेले असते. पेशी शाबूत असेपर्यंत तुरटीने गाळ बसवून आणि वाळूतून गाळून ती बरीचशी बाजूला काढता येते. मोरचुदाने पेशी एकदम फुटल्या, की विष पाण्यात विरघळते. मग पाणी दिसावयास स्वच्छ होते, आणि तुरटी त्या विषाला अडवीत नाही. घरी उकळल्यानेही ते जात नाही. उलट पाणी आटून ते दाट होते. विरघळलेले विष काढण्यासाठी सक्रिय कोळशासारखे उपाय लागतात, आणि त्याआधी ते आहे की नाही हे तपासावे लागते.

आता दुसरे गाव पाहा. अमेरिकेतील टोलेडो शहर ईरी सरोवराचे पाणी पिते. 2 ऑगस्ट 2014 रोजी पहाटे तेथील नगरपालिकेने जाहीर केले, "नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका." तपासणीत शेवाळाचे विष लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेले होते. सुमारे पाच लाख लोकांना जवळजवळ तीन दिवस ते पाणी बंद होते. हाल झाले, बाटल्यांसाठी रांगा लागल्या. परंतु तेथे पाणी तपासले गेले आणि लोकांना सांगितले गेले. पाम बेटावर यांपैकी एकही गोष्ट झाली नाही.

टोलेडोचा दोष काही नळात नव्हता. शेतांतील खत व गुरांचे शेण मॉमी नदीतून सरोवरात जाते. त्यातील फॉस्फरसवर शेवाळ पोसते. ऊन आणि संथ पाणी मिळाले, की ते फोफावते. आपल्याकडे पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते. उजनीचे पाणी सोलापूर पिते, आणि उजनीवर हिरवा थर चढतो, तो सर्वांच्या डोळ्यांसमोर. वरच्या गावाने आपले सांडपाणी शुद्ध करून सोडावे, हा खालच्या गावाच्या आरोग्याचा प्रश्न आहे. तो खालच्या गावाने एकट्याने मांडून सुटणार नाही. वरच्या गावच्या लोकांनीही आपल्या नगरपालिकेला जाब विचारला पाहिजे.

मोर्चे काढू नका, असे आम्ही सांगत नाही. घागरी घेऊन पुन्हा जाऊ. पण या वेळी "औषध टाका" एवढेच म्हणून परतणार नाही. शेवाळ कोणत्या जातीचे आहे? विषाची तपासणी झाली काय, आणि तिचा निकाल फलकावर कधी लागणार? औषध टाकणार असाल, तर तेवढे दिवस आम्ही कोणते पाणी प्यावे? आणि हे शेवाळ ज्यावर पोसते, ती घाण वर कोण सोडतो? एवढी उत्तरे लेखी घेऊनच उठू. त्या उन्हाळ्यात आम्ही यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता.