पिकअपचं सेंटर बेअरिंग
ग्वाल्हेरच्या इंदरगंजहून माल भरून आग्रा-मुंबई रस्त्याला लागणाऱ्या पिकअपवाल्यांसाठी ही माहिती.

गाडी उचलताना खालून थरथर येते? वेगाबरोबर घूं-घूं वाढते? प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल, तर आधी सेंटर बेअरिंग बघा. सपाट जागी चाकांना उटी लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये. शाफ्ट हाताने वर-खाली हलवा, मग मागचं एक चाक जॅक-स्टँडवर चढवून शाफ्ट फिरवा. रबर फाटलेलं दिसलं, बेअरिंग खरखरलं, तर ते बदलाच. खोलण्याआधी मात्र फ्लँजवर आणि शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांवर पंचने खूण करा. खडूची खूण हात लागताच पुसते. जोडणी चुकली, तर नवं बेअरिंग घालूनही थरथर राहते. शाफ्ट खाली उतरलेलाच आहे, तर क्रॉसही तपासून घ्या.